दीर्घिकांचा हिशेब : दोन रीती, दोन उत्तरे

आपली आकाशगंगा दर वर्षाला साधारण एक-दोन सूर्यांच्या वजनाइतके नवे तारे घडवते. तारे घडतात वायूपासून, आणि असा वायू तिच्या तबकडीत आज शिल्लक आहे तो काही अब्ज सूर्यांच्या भाराचा. भागाकार सोपा आहे. आवक मुळीच नसेल, तर ही शिल्लक थोड्याच अब्ज वर्षांत संपावी. पण आकाशगंगा तर दहा अब्ज वर्षांहून अधिक काळ तारे घडवीत आली आहे. ज्या घरात रोज पंगती उठतात आणि तरीही कणगी रिकामी होत नाही, त्या घरी मागील दाराने पोती येत असली पाहिजेत, हे शेजारीसुद्धा ओळखतात. दीर्घिकांच्या बाबतीत ही पोती कोणत्या वाटेने येतात, एवढाच आजच्या भाषणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना हिशेबाची रीतच कशी आडवी आली, ते मला सांगायचे आहे.

हा प्रश्न आपल्या घराजवळचाही आहे, बरं का. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुर्बिणीने सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला अणुरूप हायड्रोजन मोजला. एकेका दीर्घिकेचा संदेश इतका क्षीण, की साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांचे संदेश एकत्र करावे लागले. निष्पन्न काय झाले? त्या दीर्घिकांपाशी असलेला वायू त्यांच्या तारे घडवण्याच्या वेगाला फार तर एक-दोन अब्ज वर्षे पुरला असता. म्हणजे तेव्हाही आवक होतीच, आणि ती अपुरी पडू लागली म्हणून तारे घडण्याचा वेग पुढे मंदावला असावा.

ही आवक दुर्बिणीतून थेट पाहणे फार कठीण. दीर्घिकांबाहेरचा वायू अतिशय विरळ असतो, आणि घडामोडींना अब्जावधी वर्षे लागतात. म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी हिशेबाचा रस्ता धरला. विश्वाच्या बाल्यावस्थेचे चित्र आपल्यापाशी आहे. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना निघालेला प्रकाश आज सूक्ष्मतरंगांच्या रूपाने पोहोचतो. ठिकठिकाणच्या त्याच्या तापमानात फरक आहे तो लाखात एक एवढाच. गुरुत्वाकर्षणाचा नियम ठाऊक आहे. वायूच्या हालचालीची समीकरणे ऑयलरने अठराव्या शतकातच लिहून ठेवली आहेत. तेव्हा तो आरंभ घ्यावा, समीकरणे लावावीत, १३.८ अब्ज वर्षे पुढे चालावे, आणि दीर्घिका निघतात का ते पाहावे. कागदावर हे दोन ओळींत मावते.

असले हिशेब संगणकाच्या आधीपासून सुरू आहेत. १९४१ साली एरिक होल्मबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने दोन दीर्घिकांची गाठ पडली तर काय होईल, हे चक्क विजेच्या दिव्यांनी काढून दाखवले. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात मंदावतो, आणि गुरुत्वाकर्षणही तसेच. मग प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७ दिवे टेबलावर मांडायचे, प्रकाशमापकाने प्रत्येक जागी कोणत्या बाजूने किती उजेड येतो ते मोजायचे, आणि तोच गुरुत्वाचा ओढा समजून दिवे थोडेथोडे सरकवायचे. मला स्वतःला या विषयातला हा सर्वांत गोड प्रयोग वाटतो.

पण होल्मबर्गच्या दिव्यांनी गुरुत्वाकर्षण तेवढे साधले. विश्वातल्या द्रव्यापैकी सुमारे पाच षष्ठांश भाग कृष्णद्रव्याचा आहे, आणि त्याला गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरे फारसे काही कळत नाही. त्याचा हिशेब निरनिराळ्या गटांनी निरनिराळ्या आज्ञावल्यांनी केला तरी उत्तरे जवळजवळ जुळतात. भांडण आहे ते उरलेल्या एका भागाचे, म्हणजे वायूचे. वायूला दाब असतो, तो तापतो, निवतो, त्यात भोवरे उठतात, आघाताच्या लाटा उसळतात. आणि वायू अखंड पसरलेला असतो. संगणकाला अखंड असे काही समजत नाही. त्याला तुकडे लागतात. तुकडे कसे पाडावेत, इथेच दोन रीती निघाल्या.

आषाढीच्या वारीचा हिशेब ठेवायचा आहे असे समजा. एक माणूस दिवे घाटात एका वळणावर उभा राहतो, आणि दर मिनिटाला समोरून किती वारकरी गेले, किती दाटी होती, चाल किती होती, हे वहीत टिपतो. दुसरा माणूस एका दिंडीत सामील होतो आणि तिच्याबरोबर चालत राहतो. ती दिंडी कुठे पोहोचली, शेजारच्या दिंड्या किती जवळ आल्या, हे तो लिहितो. दोघांच्या वह्या खऱ्याच. पहिली दृष्टी ऑयलरच्या नावाने ओळखली जाते, दुसरी लाग्रांजच्या.

पहिल्या रीतीत अवकाशाला चौकटींची जाळी घालतात आणि प्रत्येक चौकटीतून वायू किती आला, किती गेला, हे मांडतात. शेजारच्या दोन चौकटींत दाब वेगळा असेल तर मधले दार एकदम काढल्यावर काय होईल? हा प्रश्न जर्मन गणिती रीमान याने १८६० सालीच सोडवला होता. गोडुनॉव्ह या रशियन गणितज्ञाने १९५९ साली तीच किल्ली प्रत्येक दाराला लावली. म्हणून आघाताच्या लाटा या रीतीत फार सुबक निघतात. अडचण मोजमापाची. दीर्घिका ज्या विश्वखंडात वाढते त्याची लांबी कोट्यवधी प्रकाशवर्षे, आणि तिच्या तबकडीची जाडी हजारभर. मग जिल्ह्याचा नकाशा एका प्रमाणावर, तालुक्याचा त्याहून मोठ्या, आणि गावठाणाचा त्याहूनही मोठ्या प्रमाणावर काढतात, तसे जिथे गर्दी तिथे चौकटीच्या पोटात लहान चौकटी पाडत जातात. ‘एन्झो’ आणि ‘रॅमसेस’ या या घराण्यातल्या नावाजलेल्या आज्ञावल्या.

दुसरी रीत १९७७ सालची. लिऑन ल्यूसी यांनी, आणि स्वतंत्रपणे गिंगोल्ड व मोनॅहन यांनी ती मांडली. वायूचे ठरावीक वजनाचे कण करावेत. मात्र प्रत्येक कण म्हणजे नुसता ठिपका न मानता टीपकागदावर शाईचा थेंब पसरावा तसा भोवती पसरलेला मानावा. एखाद्या जागी अशा जितक्या थेंबांचे डाग एकमेकांवर चढतील तितकी तिथली घनता. रीत विलक्षण सोयीची! दिंड्या पंढरपुराकडे आपोआप दाटत जातात, तसे कण दीर्घिकेपाशी आपोआप गोळा होतात. बारीक मोजणी हवी तिथेच ती मिळते. रिकाम्या अवकाशावर श्रम फुकट जात नाहीत. ‘गॅजेट’ नावाची या रीतीची आज्ञावली जर्मनीतील फोल्कर स्प्रिंगेल यांनी सर्वांना खुली करून दिली, आणि तिचा प्रसार जगभर झाला.

१९९९ साली दोन्ही घराण्यांतल्या मिळून १२ आज्ञावल्यांना एकच उदाहरण घातले गेले, त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. सांता बार्बराच्या नावाने ही तुलना ओळखली जाते. आरंभस्थिती सर्वांना एकच, उत्तर मागितले ते दीर्घिकांच्या एका मोठ्या समूहाचे. वायू निवण्याची भानगड मुद्दाम वगळली होती. एकूण उत्तरे समाधानकारक जुळली. तापमान आणि वायूचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांच्या आत आले. क्ष-किरणांतली तेजस्विता सर्वांत वाईट, तीही केंद्रभाग नीट टिपणाऱ्यांत दुपटीच्या आत. पण समूहाच्या अगदी गाभ्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. वायूची एंट्रॉपी जाळीच्या रीतीत आत जाताजाता एका पातळीवर थबकत होती. कणांच्या रीतीत ती थेट केंद्रापर्यंत उतरतच होती. दोन घराणी, दोन उत्तरे.

आता यात खरे कोणते? आकाशाकडे पाहून हा वाद तुटण्यासारखा नव्हता, कारण आकाशात वायू निवण्याचीही क्रिया चालू असते आणि ती तर हिशेबात घेतलेलीच नव्हती. म्हणून उलट दिशेने जावे लागले. उदाहरण इतके साधे करायचे की उत्तर कसे यावे याविषयी शंका उरू नये.

२००७ साली ऑस्कर आगर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी असे उदाहरण घातले. एक थंड, गोल ढग. भोवतालच्या उष्ण वायूपेक्षा दसपट दाट. त्याच्यावर ध्वनीच्या २.७ पट वेगाने वारा सोडायचा. तळ्यावरून वारा वाहिला की पाण्यावर लाटा उठतात, तशा ढगाच्या कडेवर लाटा उठाव्यात, त्यांचे भोवरे व्हावेत, आणि काही वेळाने ढग विरून वाऱ्यात मिसळून जावा. जाळीच्या आज्ञावल्यांत ढग असाच विरला. कणांच्या आज्ञावल्यांत तो चेपला, थोडा झिजला, पण शाबूत राहिला.

कारण सापडले ते कडेवर. दाब म्हणजे घनता आणि तापमान यांचा गुणाकार. कणांच्या रीतीत घनता टीपकागदासारखी पसरट असते, परंतु तापमान ज्याचे त्याच्यापाशी राहते. मग ढगाच्या कडेला लागून असलेल्या उष्ण कणाला शेजारच्या दाट ढगामुळे आपली घनता आहे त्याहून जास्त भासते. तापमान मात्र मूळचेच, चढे. गुणाकार फुगतो. जिथे दाब सारखा असायला हवा तिथे एक खोटी भिंत उभी राहते, ती कणांना परस्परांपासून ढकलते, आणि मध्ये फट पडते. त्या फटीमुळे दोन वायू एकमेकांत मिसळतच नाहीत. अळवावरचे पाणी जसे पानाला न भिजवता मोत्यासारखे टपोरे राहते, तसा तो ढग उष्ण वाऱ्यात राहतो. पाण्याला तसे राहण्याचे खरे कारण आहे. या ढगाला खरे कारण कोणतेच नव्हते. होती ती फक्त बेरजेची पद्धत.

हे ऐकून जाळीवाल्यांनी टाळ्या पिटण्याचे कारण नाही. चौकटीत जे येते ते लगेच सरासरीत मिसळून जाते. म्हणून या रीतीत मिसळण उलट गरजेपेक्षा जास्त होण्याचा धोका. शिवाय दुसरेही एक वैगुण्य आहे. धावत्या आगगाडीत कपातला चहा ढवळला काय किंवा घरी ढवळला काय, भोवरा तोच उठतो. हे गॅलिलिओने शिकवलेले तत्त्व. स्थिर जाळीच्या हिशेबात मात्र सगळा वायू एकत्र वेगाने जाळीतून जात असेल तर चुका वाढतात, म्हणजे गाडीच्या वेगाप्रमाणे चहा बदलतो! दीर्घिका तर सेकंदाला शेकडो किलोमीटर धावत असतात. चौकटी पुष्कळ बारीक केल्या की हा दोष घटतो हे खरे, पण बारीक करायला किंमत पडते.

२०१० साली स्प्रिंगेल यांनी दोन्ही घराण्यांचा संबंध जोडून दिला. त्यांची ‘अरेपो’ ही आज्ञावली समजायला विहिरींचे उदाहरण घ्या. एका माळावर इकडेतिकडे विहिरी आहेत. ज्या जमिनीला जी विहीर सर्वांत जवळ तिची ती जमीन, असा नियम केला तर सगळा माळ आपोआप वेड्यावाकड्या वाफ्यांत वाटला जातो. वोरोनॉय या गणितज्ञाच्या नावाने ही वाटणी ओळखली जाते. आता कल्पना करा की विहिरीच वायूबरोबर वाहत आहेत. शिवा क्षणोक्षणी नव्याने आखल्या जातात, आणि प्रत्येक शिवेवर गोडुनॉव्हचे दार उघडून देवघेव मांडली जाते. दिंडीबरोबर चालायचे आणि तरीही नाक्यावरची मोजणी सोडायची नाही, असा हा प्रकार. गणित शिकवणारा म्हणून सांगतो, इतकी जुनी भूमिती इतक्या नव्या कामाला आलेली पाहून बरे वाटते.

आणि मग २०१२-१३ मध्ये खरा सामना झाला. फोगेल्सबर्गर, केरेश, सिजाकी, नेल्सन आदींनी ‘गॅजेट’ आणि ‘अरेपो’ यांना एकच विश्वखंड दिले. या दोन्ही आज्ञावल्यांत गुरुत्वाकर्षणाचा भाग सारखाच आहे, ही गोष्ट महत्त्वाची. वायू निवण्याचे आणि तारे घडण्याचे नियमही सारखे ठेवले. बदलली ती फक्त वायू कापण्याची रीत.

इथे आपण आरंभीच्या पोत्यांकडे परत येतो. त्याआधीच्या दशकात एक मत बळावत चालले होते. पूर्वी समजत असत की दीर्घिकेकडे ओढला जाणारा वायू आधी आघाताने लाखो अंशांपर्यंत तापतो आणि मग हळूहळू निवून आत उतरतो. नव्या मताप्रमाणे बराचसा वायू कधी तापतच नाही. तो अरुंद धारांतून थंडगार अवस्थेतच थेट दीर्घिकेपर्यंत पोहोचतो. या मताला आधार होते दोन्ही प्रकारच्या हिशेबांचे, पण किती वायू थंड येतो याची पुष्कळशी मोजणी कणांच्या रीतीने झालेली होती.

हलत्या जाळीत काय दिसले? धारा होत्या. परंतु मोठ्या दीर्घिकांभोवती त्या अर्ध्या वाटेतच तापू आणि विस्कटू लागल्या. थंडच पोहोचणाऱ्या वायूचे प्रमाण पुष्कळ घटले, आणि तापून मग निवून येणारा वायू वाढला. कणांच्या हिशेबात दीर्घिकेभोवती जे थंड गोळे घिरट्या घालीत आणि एकेक करून आत पडत, त्यांच्यातले बरेच हलत्या जाळीत दिसेचनात. तेच ते अळवावरचे पाणी! शिवाय हलत्या जाळीतल्या तबकड्या अधिक विस्तृत निघाल्या, आपल्याला आकाशात दिसतात तशा. म्हणजे मागील दाराने येणाऱ्या पोत्यांतली बरीच पोती आपल्याच खतावणीतल्या चुकीने मांडली गेली होती.

एवढ्यावरून कणांची रीत टाकाऊ ठरली, असे मात्र कुणी समजू नये. दोष कुठे आहे हे कळल्यावर तो दुरुस्त करता येतो. कणांच्या शिवेवर उष्णतेची थोडी देवघेव होऊ द्यायची, किंवा घनतेऐवजी दाबच पसरट करायचा, अशा युक्त्या निघाल्या. २०१६ साली सांता बार्बराच्या धर्तीवर १३ आज्ञावल्यांची नवी तुलना प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतीच्या कणांनी पुन्हा तेच जुने उत्तर दिले. अद्ययावत कणांचे उत्तर जाळीच्या उत्तराशी जवळजवळ एकरूप झाले. सतरा वर्षांपूर्वीचे कोडे असे सुटले.

तरी या कथेला एक पीळ आहे, आणि तो सांगितला नाही तर मी पक्षपात केला असे होईल. २०१२ सालीच ‘अक्विला’ नावाची दुसरी तुलना प्रसिद्ध झाली. तीत आकाशगंगेसारखी एक दीर्घिका १३ वेळा घडवली. कण, जाळी, हलती जाळी, सगळे होते. आरंभस्थिती सर्वांची तीच. पण या खेपेला तारे कसे घडावेत आणि फुटणाऱ्या ताऱ्यांनी वायू कसा उधळावा, याचे नियम ज्याचे त्याने आपापले लावायचे होते. उत्तरांचे वजन, आकार, रूप यांत प्रचंड तफावत पडली, आणि तिचे मुख्य कारण हे घरगुती नियमच होते. हलती जाळी की कण, हा भेद त्यापुढे लहान ठरला. ‘ईगल’ नावाच्या मोठ्या प्रकल्पात २०१५ साली कणांची जुनी आणि सुधारलेली रीत ताडून पाहिली, तेव्हाही असेच दिसले. अतिशय भारी दीर्घिका सोडल्या तर फरक थोडा.

असे का व्हावे? या मोठ्या हिशेबांत वायूचा एकेक तुकडा दहा लाखांहून अधिक सूर्यांच्या वजनाचा असतो. त्यात एक तारा फुटला तर तो दिसणार कसा? म्हणून तिथे ठोकताळे वापरावे लागतात, आणि आकाशातल्या दीर्घिकांशी मेळ बसेपर्यंत ते ठोकताळे जुळवले जातात. तुम्ही वर्तमानपत्रात किंवा पडद्यावर विश्वाची देखणी चित्रे पाहता, नाही का? ती पाहून ‘हुबेहूब जमले’ म्हणण्यापूर्वी हे ध्यानात असावे. माझे मत विचाराल तर, आकाशाशी जुळणाऱ्या एका सुंदर चित्रापेक्षा एकमेकांशी न जुळणारी ती तेरा चित्रे मला जास्त किमती वाटतात. सुंदर चित्रात खोटी भिंत लपून राहू शकते, कारण ठोकताळा तिची भरपाई करून टाकतो. मग भिंत आणि ठोकताळा दोन्ही चुकीचे असूनही उत्तर बरोबर दिसते. वर्गात अशा उत्तराला मी गुण देत नाही.

सध्याचा वाद दीर्घिकेच्या बाहेर, तिच्या भोवतीच्या विरळ वायुमंडलात सरकला आहे. आजवर सगळ्या रीती तिथे ढिलाईने वागत आल्या, कारण तुकडे पडतात ते दाटीच्या ठिकाणी. २०१९ साली निरनिराळ्या गटांनी मुद्दाम या विरळ भागातही बारीक चौकटी घातल्या. काहींनी स्थिर जाळीत, काहींनी हलत्या. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली. चौकट बारीक करावी तसे थंड वायूचे तुकडे अधिक आणि लहान होत जातात. चौकट सुमारे तीन हजार प्रकाशवर्षांची केली तरी तुकडे थांबल्याचे चिन्ह नाही, आणि काही गणितांप्रमाणे ते थोड्याच प्रकाशवर्षांच्या आकाराचे असू शकतात.

आता चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी आठपट होतात, आणि वेळेच्या पायऱ्याही निम्म्या कराव्या लागतात. म्हणजे काम सोळापट. तीन हजारांवरून तीनवर यायचे तर असे दहा वेळा निम्मे करावे लागेल. सोळाचा दहावा घात एक लाख कोटींच्या थोडा वरच जातो. जिथे गरज तिथेच बारकाई करून हा आकडा पुष्कळ खाली आणता येतो, पण त्यासाठी गरज कुठे आहे हे आधी ठाऊक असावे लागते, आणि सध्या या मंडळींचे काम नेमके तिथे अडले आहे.